अर्ध्या तासासाठी तहकूब

सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस ज्यानं एकदा तरी शेवटपर्यंत वाचली असेल, त्याला तिच्या तळाची टीप ठाऊक असते. ठरल्या वेळी पुरेसे सभासद जमले नाहीत, म्हणजे गणपूर्ती झाली नाही, तर सभा अर्ध्या तासासाठी तहकूब होईल. मग ती त्याच जागी, त्याच विषयांवर पुन्हा भरेल आणि तेव्हा गणपूर्तीची गरज राहणार नाही.

देवरूखच्या काजू संस्थेत ही टीप हीच खरी वेळ समजली जायची. नोटिशीत अकरा लिहिलेले असले तरी अकराला कुणी फिरकत नसे. सचिव ओमकार सभागृहाचं दार उघडायचा, पंखे लावायचा, समोरची चार टाळकी बघून सभा तहकूब झाल्याचं लिहून टाकायचा आणि चहा सांगायचा. माणसं त्यानंतर सावकाश उगवत. वरच्या वाड्यांची एसटी तर त्याच्याही मागून स्टँडात शिरायची. तिच्यातून उतरलेली मंडळी, त्यात बायाच जास्त, चालत येऊन टेकेपर्यंत अध्यक्ष खुर्चीत बसत नसत. अर्धा तास हा असा ताणून तासभराचा व्हायचा. वीस-बावीस वर्षं हेच चाललेलं होतं, आणि त्यात कुणाचं काही बिघडलंही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीच्या सभेत मात्र तो अर्धा तास अर्ध्या तासातच संपला, आणि त्यात सगुणेच्या वडिलांचा निकाल लागला.

गंगाराम रहाटे, ज्यांना सगळे तात्या म्हणत, या संस्थेचे संस्थापक. काजूची बी कच्ची व्यापाऱ्याच्या गोणीत ओतायची आणि त्याच काजूचे गर मुंबईच्या दुकानात चढ्या भावानं बघायचे, याचा त्यांना मनस्वी संताप. म्हणून त्यांनी संस्था काढली, बायांना त्यांच्या स्वतःच्या नावानं सभासद केलं, आणि कारखाना उभा राहिल्यावर अध्यक्षपद सोडून पुढच्या वेडाला लागले. जिल्ह्यातल्या सगळ्या लहान काजू संस्थांचा एक संघ व्हावा, एका नावाखाली माल विकावा, हे ते वेड. कापडी पिशवी घेऊन ते राजापूर, लांजा, गुहागर असे एसटीनं हिंडत. सभासदांनी ठराव करून संघाच्या बोलणीचं काम त्यांच्याकडे दिलं होतं, ते एवढ्याचसाठी की त्यात कुणालाच काही मिळण्यासारखं दिसत नव्हतं.

मग वारं फिरलं. सरकार सहकाराचं नवं धोरण आणतंय, एकट्यादुकट्या संस्थेला नव्हे तर संघ करून येणाऱ्यांना सामायिक कारखाना, गोदाम, निर्यातीची सोय मिळणार, अशी कुणकुण लागली. अध्यक्ष विनोदला ती सगळ्यांच्या आधी लागली. तात्यांनीच त्याला कारकुनाचा व्यवस्थापक आणि व्यवस्थापकाचा अध्यक्ष केलेला. पोटनियम त्याला तात्यांनीच शिकवले होते, तळाच्या टिपेसकट.

त्या दिवशी विनोदनं घड्याळ बघून अर्धा तास भरला की सभा सुरू केली. हजर सगळी त्याचीच माणसं. सगळे विषय भराभर झाले. शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या नेहमीच्या कलमात एक ठराव आला. श्री. गंगाराम रहाटे यांचे वयोमान लक्षात घेता त्यांना संघाच्या दगदगीतून मुक्त करावे, त्यांचा यथोचित सत्कार करावा, आणि पुढील काम अध्यक्षांनी पाहावे.

अनुमोदन दिलं सखारामकाकांनी.

सखारामकाका तात्यांचे लंगोटीयार. त्यांचं घर सभागृहाच्या मागच्याच गल्लीत, म्हणून ते चहाच्या आधी हजर असत. प्रत्येक संस्थेत असा एक माणूस असतो, जो कुठल्याही ठरावाला अनुमोदन देतो. वाचणाऱ्याचा आवाज खाली आला की सखारामकाकांच्या तोंडून ‘माझं अनुमोदन’ निघायचंच. ताळेबंद असो, शोकप्रस्ताव असो, पत्र्याची डागडुजी असो. त्या दिवशीही ते तसंच निघालं. आपण कशाला हो म्हणालो हे त्यांना टाळ्या वाजायला लागल्यावर कळलं.

टाळ्या वाजल्या कारण तेवढ्यात एसटीतून उतरून तात्या दारात आले होते. त्यांच्या अंगावर शाल पडली, हातात नारळ आला. आपला कसला तरी गौरव होतोय असं समजून ते हसले, आणि हसतमुखानंच त्यांनी ओमकारच्या तोंडून तो ठराव ऐकला. तो क्षण फोटोत आहे. विनोदनं तो सगुणेला मोबाइलवर पाठवला होता, खाली नमस्काराचे जोडलेले हात. सगुणा रत्नागिरीच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होती. अपमानानं माणसं मरतात असं कादंबरीत आलं की ती ते पान पटकन उलटायची. पण त्या फोटोवरून तिला नजर हलवता आली नाही. ठराव पुढे गेलेला होता आणि हसू मागे राहिलं होतं. ते चेहऱ्यावरून कसं काढून घ्यायचं हे तात्यांना समजत नव्हतं.

तात्या पुन्हा देवरूखला गेले नाहीत. पुढच्या मे महिन्यात, काजूचा हंगाम संपता संपता, ते वारले. डॉक्टर हृदय म्हणाले. सगुणेनं डॉक्टरांशी वाद घातला नाही. तिचा वाद दुसऱ्याशी होता.

*

यंदा गणपती उरकल्यावर विनोद तिच्याकडे आला. धोरण आता जाहीर झालं होतं. संघाच्या नोंदणीची तयारी पूर्ण होती. दहा संस्था हो म्हणाल्या होत्या, फक्त प्रत्येकीनं वार्षिक सभेत सामील होण्याचा ठराव करून आपला प्रतिनिधी पाठवायचा बाकी होता. देवरूखचा प्रतिनिधी अर्थातच विनोद, आणि संघाचा पहिला अध्यक्षही तोच, हे ठरल्यात जमा होतं. तो सोफ्याच्या कडेवर बसला होता, आवाज मऊ ठेवून. पॅकिंगच्या नव्या शेडला तात्यांचं नाव द्यायचं म्हणाला. सभेला इतर संस्थांचे अध्यक्ष पाहुणे म्हणून येणार होते. तात्यांचा वारस म्हणून त्यांचे भाग सगुणेच्या नावावर झालेले, तेव्हा तीही आता सभासद. तिनं व्यासपीठावर बसावं अशी सगळ्यांची इच्छा होती.

“ताई, तात्यांचं स्वप्नच आपण पुरं करतोय,” तो म्हणाला.

सगुणेनं त्याला कोकम सरबत दिलं आणि वेळ विचारली.

“लिहायला अकरा लिहिलंय. तुम्ही निवांत या, साडेअकराच्या पुढे. पाहुण्यांना घेऊन मीही तेव्हाच पोचतोय.”

तो गेल्यावर तिनं पेला धुऊन पालथा घातला. दीड वर्षं ती ज्या गोष्टीवर बोट ठेवू शकत नव्हती, ती विनोद स्वतःच्या हातानं तिच्या टेबलावर ठेवून गेला होता. तात्यांना ज्या टिपेनं मारलं, तिच्यावरच हा माणूस विसंबून होता. अकराला गणपूर्ती होऊच शकत नाही, यावर त्याचा सूर्य उगवण्यावर असतो तसा विश्वास होता.

पुढचे काही दिवस तिनं कायदा, पोटनियम, धोरण, सगळं वाचून काढलं. वाचता वाचता तिला आणखी एक गोष्ट उमगली, आणि तिनं पुस्तक मिटलं. नुसता दुसरा प्रतिनिधी पाठवून विनोद संपणार नव्हता. बाकीचे अध्यक्ष त्याचे मित्र. ते त्याला तज्ज्ञ संचालक म्हणून मागच्या दारानं आत घेतील, आणि वर्षभरात तो पुढच्या खुर्चीवर येईल. पण देवरूखनं संघात जायलाच नकार दिला तर? देवरूखची संस्था सगळ्यांत मोठी. तिच्याशिवाय संघाची नोंदणीच होत नव्हती. मग दहा संस्थांना शब्द देऊन बसलेला विनोद जिल्ह्यात तोंड दाखवू शकणार नव्हता.

आणि संघही होणार नव्हता. तात्यांचा संघ.

सगुणेनं यावर एक पूर्ण रविवार विचार केला. संघ पुन्हा कधीतरी होईल, असं तिनं मनाशी म्हटलं. विनोदला गाठायची संधी पुन्हा येणार नाही.

*

वरच्या वाडीत तुळसाकाकीच्या खळ्यात ती जाऊन बसली तेव्हा काकी पडवळं निवडत होती. तुळसाकाकी वरच्या वाड्यांमधल्या बायांची न निवडलेली पुढारी. त्या दिवशी तात्या सभागृहाच्या दारात आले तेव्हा त्यांच्या मागे तीच उभी होती, आणि टाळी न वाजवणारी सभागृहातली पहिली बाई तीच.

सगुणेनं आधी सोपं सांगितलं. एसटीची वाट बघायची नाही. वडापच्या जीपा ती ठरवेल. अकराच्या ठोक्याला सगळ्यांनी सभागृहात असायचं.

“विन्या यायच्या आदी?” काकीचे डोळे बारीक झाले. “आनि मग तो आला की टाळ्या वाजवूया?”

“वाजवा की.”

काकी पोट धरून हसली. शेजारणीला हाक मारून तिनं ते तिलाही ऐकवलं. मग सगुणेनं उरलेलं सांगितलं. संघाला नाही म्हणायचं. हे ऐकून काकीचा हात पडवळावरच थांबला.

“का गो?”

सगुणेनं नीट समजावून सांगितलं, वर्गात सांगावं तसं. नाही म्हटल्यानं विनोद कसा कायमचा बसतो, हो म्हटल्यानं कसा परत उठतो. काकीनं सगळं ऐकून घेतलं.

“तुजा बापूस ह्या खळ्यात बसून संग संग करत आमचा भात निववायचा,” ती शेवटी म्हणाली. “ऊन-पावसात यायचा. आनि तू म्हनतंस, त्यो मोडूया.”

“त्याच बापासाठी म्हणतेय मी, काकी.”

“बापासाटी का विन्यासाटी, ते तूच बग.” काकीनं सूप उचललं. “येऊ आमी. अकराला. फुडचा सभेत बगू.”

*

सभेच्या दिवशी आभाळ भरलेलं होतं पण पाऊस नव्हता. ओमकारनं दार उघडलं आणि पंख्याच्या बटणाकडे हात नेला तोच पायऱ्यांवर चपलांचा आवाज झाला. एकेक करून बाया आत शिरल्या. नव्या साड्या, केसांत अबोली, काहीजणींचे नवरेही मागून. सही करायला रांग लागली तसा ओमकारचा चेहरा उतरत गेला. तो पुन्हा पुन्हा फोन कानाला लावत होता. पाहुण्यांना घेऊन येणारी गाडी घाटात असावी; फोन लागत नव्हता.

“गणपूर्ती झाली का हो?” सगुणेनं विचारलं.

तिच्या वडिलांसमोर मुकाट्यानं ठराव वाचणारा हा मुलगा खोटं मात्र बोलला नाही. “झाली,” तो म्हणाला. “पण अध्यक्ष...”

अध्यक्ष हजर नसतील तर हजर सभासदांनी आपल्यातून एकाला निवडायचं, हे पोटनियमात होतं. तिनं ते पान उघडूनच आणलं होतं. तुळसाकाकीला खुर्चीत बसवलं. काकी आधी खुर्चीच्या कडेवर बसली, मग मागे रेलली, आणि समोरच्या बायांच्यात एक खसखस पिकून विरली.

आधी संस्थापक म्हणून तात्यांना श्रद्धांजली वाहिली गेली. सगळे उभे राहिले. सखारामकाका भिंतीशी त्यांच्या नेहमीच्या जागी होते. ते सगुणेकडे बघत नव्हते. मागचं इतिवृत्त, ताळेबंद, हिशेबतपासनीस, प्रत्येक वेळी त्यांचं ‘माझं अनुमोदन’ भिंतीकडून येत होतं, जरा घोगरं.

मग संघाचा विषय आला. सगुणा उठली.

तिनं ठराव लिहून आणला होता. तो छोटा होता आणि त्यात विनोदचं नाव कुठेही नव्हतं. प्रस्तावित जिल्हा संघात ही संस्था सामील होणार नाही, एवढंच. तिनं तो संथ वाचला. वाचताना तिला बाहेरच्या रस्त्याकडे कान द्यावासा वाटत होता. गाडी लवकर यावी, त्यानं हे दारात उभं राहून ऐकावं, तात्यांसारखं. तिला त्याचा चेहरा हवा होता. गेले कित्येक महिने ती फक्त त्या एका चेहऱ्यासाठी जगली होती, हे तिला उभ्या उभ्या स्वच्छ कळलं, आणि त्याची लाजही वाटली नाही.

वाचून झालं. आवाज खाली आला.

बायांची चुळबुळ सुरू झाली. एकमेकींकडे बघत, मग खुर्चीतल्या तुळसाकाकीकडे, मग मांडीवरच्या हातांकडे. तात्यांच्या मुलीला नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. हात वर करा म्हटलं असतं तर त्यांनी केलेही असते, तिच्या तोंडाकडे बघून. पण आपण होऊन अनुमोदन द्यायला त्यांच्यातली एकही उठेना.

“अनुमोदन कोन देताय?” काकीनं विचारलं. तिचा आवाज कोरडा होता.

“माझं अनुमोदन,” सखारामकाका म्हणाले.

अगदी तसंच. वाचणाऱ्याचा आवाज पडला होता, आणि वीस वर्षांच्या सवयीनं त्यांचं तोंड उघडलं होतं. शब्द बाहेर पडले तसे ते स्वतःच दचकले. त्यांनी पंचा तोंडावर धरला.

सगुणा कागद हातात धरून उभी होती. भिंतीकडचा तो आवाज मघापासून येत होता, पण तिला तो नीट ऐकू आला आत्ताच. फोटोला आवाज नसतो. आता तिला कळलं त्या दिवशी तो कसा आला असेल. कुणाच्या मनात काही नसताना. हे काम करायला वैरी लागत नव्हता, भिंतीला टेकलेला एक म्हातारा मित्र पुरे होता. सूचक आणि अनुमोदक मिळालेच होते. आता काकीनं हात वर करायला सांगायचं, आणि तात्यांचा संघ त्यांच्याच मुलीच्या सूचनेवरून आणि त्यांच्याच दोस्ताच्या अनुमोदनावरून या सभागृहात दुसऱ्यांदा पुरला जाणार होता.

विनोदला माफ करावं असं तिला एका क्षणासाठीही वाटलं नाही. उलट, आपल्या हातून तात्यांना मारवून घेण्यापर्यंत या माणसानं आपल्याला आणलं, याचा तिला नवा राग आला. जुन्यापेक्षा तो राग जास्त कामाचा होता.

“मी ठराव मागे घेते,” ती म्हणाली.

काकी खुर्चीत पुढे सरकली. “मग दुसरा काय हाय?”

दुसरा तिच्याकडे लिहिलेला नव्हता. तिनं तो तोंडीच सांगितला. ही संस्था संघात सामील होत आहे आणि तिच्या प्रतिनिधी म्हणून श्रीमती तुळसा रघू पाष्टे यांची निवड करत आहे. संस्थेच्या वतीनं संघात इतर कुणी कुठल्याही नात्यानं बसू नये, तज्ज्ञ म्हणूनही नाही, असंही तिनं जोडलं, आणि ओमकारला ते वाक्य वाचून दाखवायला लावलं. एवढ्यानं विनोद बाहेर राहीलच याची खात्री नव्हती. पण त्याला दर वेळी आत शिरताना काकीसमोरून जावं लागलं असतं.

सखारामकाकांच्या तोंडावर पंचा तसाच होता. त्यांची वाट न बघता बायांच्या पहिल्या रांगेनंच ‘आमचं अनुमोदन’ म्हणून टाकलं, चार-पाचजणी एकदम, आणि सगळं सभागृह हसलं. सगळे हात वर गेले. सगुणेचा हातही.

बाहेर गाड्या थांबल्या.

विनोद पायऱ्या चढून आला तो बोलत बोलतच, मागे जिल्ह्यातले पाच-सहा अध्यक्ष, त्यांच्या मागे कुणीतरी हारांची टोपली धरलेली. दारात त्याचं बोलणं तुटलं. भरलेलं सभागृह, खुर्चीत तुळसाकाकी, भिंतीवरचं घड्याळ. त्यानं घड्याळाकडे दोनदा बघितलं. अर्धा तास नुकताच भरत आला होता.

“सभा तहकूब नाही झाली?” त्यानं ओमकारला विचारलं.

“गणपूर्ती झाली होती.”

पुढचं ओमकारनं त्याच्या कानाशी लागून सांगितलं. सगुणा बघत होती. तिला हवा असलेला चेहरा आता समोर होता, आणि तो तिनं मनसोक्त बघितला, कुठलंही पान न उलटता. विनोद हुशार माणूस. त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही, मग हळूहळू एक हसू आलं, कारण मागे पाहुणे उभे होते आणि त्यांच्यादेखत दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

“वा,” तो मोठ्यानं म्हणाला. “फारच छान. महिलांना संधी. आमचं हेच धोरण.”

“मग पाहुण्यांना ओळख करून द्या ना, विनोदभाऊ,” सगुणा म्हणाली. “आपल्या प्रतिनिधींची. तुम्हीच अध्यक्ष.”

बाया सरसावून बसल्या. विनोद पुढे आला, पाहुण्यांकडे वळला, हात पसरून त्यानं खुर्चीकडे दाखवलं.

“तर ह्या आमच्या संस्थेच्या ज्येष्ठ सभासद, वरच्या वाडीच्या... तुळसाबाई... श्रीमती तुळसा...”

तो थांबला. वीस वर्षं तो तिला वरच्या वाडीची तुळसा म्हणत आला होता. तिच्या बिया त्यानं मोजून घेतल्या होत्या, तिच्या सह्या घेतल्या होत्या. पुढचं नाव त्याला येत नव्हतं. सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. ते आत्ताच, तो गाडीत असताना, मोठ्यानं वाचलं गेलं होतं. त्यानं ओमकारकडे बघितलं. ओमकार कागद लावत होता. त्यानं सगुणेकडे बघितलं. सगुणेनं त्याची नजर नुसती झेलली.

पाहुण्यांपैकी एकजण खोकला.

विनोद खुर्चीजवळ गेला, वाकला, आणि हळूच म्हणाला, “काकी, तुमचं पूर्ण नाव काय?”

तुळसाकाकीच्या कानांना काहीही झालेलं नव्हतं. समोरच्या डोंगरावर कुणाची गुरं भातात शिरली तर ती आवाजावरून सांगायची. तिनं खांद्यावरचा पदर सावकाश सारखा केला.

“मोट्यानं इचारा, अध्यक्ष,” ती म्हणाली. “मला कमी आयकाक येता.”

विनोद ताठ झाला, पाहुण्यांकडे एकदा बघून घेतलं, आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं तिला तिचं नाव पुन्हा विचारलं.